दोन देशांमधील शांतता आणि मैत्रीचा सार्वजनिक स्मरणसोहळा : शासनाचे साहाय्य कसे मागावे

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलेली ही माणसे १९४१ मध्ये सुटका झाल्यानंतर इराणमार्गे भारतात आली होती, आणि त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता. युद्धानंतर ती निघून गेली, तेव्हा त्याच जागेत फाळणीमुळे घरदार सोडावे लागलेले सिंधी कुटुंबीय आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. पुढे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडच्या परराष्ट्र उपमंत्र्यांच्या उपस्थितीत वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले.

महाराष्ट्रात अशा आठवणी बऱ्याच ठिकाणी आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील लढाईत धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, आणि २०२३ मध्ये इटलीच्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपल्या गावाशी जोडलेली अशी एखादी आठवण सार्वजनिक रीतीने जागवावी असे एखाद्या इतिहास मंडळाला, महाविद्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला वाटले, तर शासनाचे साहाय्य कोणाकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदांनिशी मागावे, हे येथे सांगितले आहे.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात २२ जानेवारी १९६३ रोजी मैत्रीचा एलिझे करार झाला आणि २०१९ च्या आखेन करारातून दोन्ही सरकारांनी मिळून एक संयुक्त नागरिक निधी उभा केला. तेथील लहानसहान स्थानिक संस्थासुद्धा आपल्या उपक्रमासाठी त्या एकाच ठिकाणी अर्ज करू शकतात. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी, पोलीस, राज्याचा राजशिष्टाचार (प्रोटोकॉल) विभाग, केंद्राचे संस्कृती, परराष्ट्र आणि गृह मंत्रालय असे अनेक दरवाजे आहेत, आणि चुकीच्या दारात ठेवलेला अर्ज नाकारला जात नाही, तर नुसता पडून राहतो. म्हणून कोणती मागणी कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते याची वाटणी करून घेणे हे या कामातले निम्मे काम आहे.

आधी मागणी ठरवा

शासनाचे साहाय्य म्हणजे अनुदान, असे समजून बहुतेक समित्या थेट पैशापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. रोख रक्कम ही शासनाकडून सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी मिळणारी गोष्ट असते. त्याउलट जागा, मंडप घालण्याची परवानगी, पोलीस बंदोबस्त, पालिकेचे सभागृह सवलतीत, शाळांचा सहभाग, पुराभिलेखातील कागदपत्रे पाहण्याची मुभा, टपाल खात्याचे विशेष आवरण (स्मरणार्थ छापलेला लिफाफा) आणि राजशिष्टाचाराचे मार्गदर्शन या गोष्टी तुलनेने सहज मिळतात, आणि सोहळ्याचे सार्वजनिक स्वरूप खरे तर त्यांच्यामुळेच टिकते. त्यामुळे मागण्यांचे दोन वेगळे कागद करावेत : एकावर पैशाच्या, दुसऱ्यावर बिनपैशाच्या. बिनपैशाचा कागद आधी पाठवावा. बिनपैशाच्या मागणीला अधिकाऱ्यांचा होकार आला की पैशाच्या अर्जाला जोडायला एक वजनदार कागद आपोआप हाती येतो.

सोहळ्याचा हेतू एका वाक्यात लिहून काढणेही याच टप्प्यावर गरजेचे असते, कारण ते वाक्य पुढे प्रत्येक कार्यालयाच्या टिपणीत जसेच्या तसे उतरणार असते. ‘विश्वशांतीचा संदेश देण्यासाठी भव्य कार्यक्रम’ अशा वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘१९४३ ते १९४८ या काळात मौजे वळिवडे येथे वास्तव्यास असलेल्या पोलिश निर्वासितांच्या आणि त्यांना आश्रय देणाऱ्या स्थानिक रहिवाशांच्या स्मरणार्थ गावातील सार्वजनिक मैदानावर एक दिवसाचे छायाचित्र प्रदर्शन व अभिवादन सभा.’ यात काळ, जागा, माणसे आणि कार्यक्रमाचे स्वरूप सगळे आले, आणि वाचणाऱ्या लिपिकाला फाइल कोणत्या टेबलावर न्यायची हे कळले.

ग्रामसभेच्या ठरावापासून दिल्लीपर्यंत

पहिला कागद स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव असावा. गावात असाल तर ग्रामसभेचा, शहरात असाल तर नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव मिळवावा. महाराष्ट्रात प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या सुमारास ग्रामसभा होतात, त्यामुळे विषयपत्रिकेवर विषय येण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : सोहळा कशासाठी आहे, त्यासाठी कोणती जागा किती दिवस देण्यात येत आहे, आणि संयोजनाची जबाबदारी कोणत्या नोंदणीकृत संस्थेवर आहे. तिसरा मुद्दा वगळला गेला की पुढे प्रत्येक कार्यालय ‘अर्जदार कोण?’ या एकाच प्रश्नावर अडते.

संस्था विश्वस्त व्यवस्था किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असावी, तिच्या नावाने पॅन कार्ड आणि बँक खाते असावे, आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार असावेत. केंद्राकडे अर्ज करायचा असेल तर एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांकही लागतो. ज्या मंडळाकडे हे काहीच नाही, त्याने नवी संस्था काढण्याच्या भानगडीत न पडता गावातील जुन्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला संयोजक करून स्वतः समिती म्हणून काम करावे. वाचनालयाचे नाव कागदावर पुढे असले म्हणून कोणाचे काही कमी होत नाही, ही गोष्ट मात्र समितीतल्या मंडळींना लवकर पटत नाही.

दुसरा कागद म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज. त्यासोबत ठरावाची प्रत, कार्यक्रमाची रूपरेषा, अंदाजपत्रक आणि अपेक्षित परदेशी पाहुण्यांची यादी जोडावी, आणि प्रती पोलीस अधीक्षक व जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्याव्यात. टपाल शाखेत कागद दिल्यावर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये; पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून वेगळी घ्यावी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचा निर्बंध सर्वांना माहीत आहेच.

तारीख निवडताना थोडा विचार करावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता दिन सुरू केला आणि २००१ मध्ये त्यासाठी २१ सप्टेंबर ही तारीख कायम केली, म्हणून अनेकांना तीच तारीख हवी असते. मात्र आपल्याकडे सप्टेंबरमध्ये गणेशोत्सव आणि त्यापाठोपाठ नवरात्राची तयारी असते, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि मैदानेही मोकळी नसतात. शक्य असेल तर विषयाशी जोडलेली स्थानिक तारीख घ्यावी : कोटणीसांसाठी ९ डिसेंबर, घाडग्यांसाठी १० जुलै. जुलैत मात्र कोकणात मैदानाचा विचारही करू नये, सभागृह धरावे. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याचा संभव असेल तर कोनशिलेचे अनावरण आणि मंत्र्यांची उपस्थिती या दोन्हींवर पाणी पडू शकते, म्हणून पर्यायी तारीख ठरावातच नमूद करून ठेवावी.

परदेशी राजदूत किंवा वाणिज्यदूत यांना खासगी संस्था थेट निमंत्रण पाठवू शकते. पोलंड, इटली, जपान, जर्मनी, चीन अशा अनेक देशांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत आणि सांस्कृतिक कामाच्या पत्राला ते उत्तर देतात. पण निमंत्रक ग्रामपंचायत किंवा महापालिका असेल, तर पत्रव्यवहार राज्याच्या राजशिष्टाचार विभागामार्फत व्हावा, आणि कोणत्याही परदेशी शहराशी मैत्रीचा लेखी करार करायचा असेल तर त्याला परराष्ट्र मंत्रालयाची संमती आधी हवी. नगराध्यक्षांनी उत्साहाच्या भरात व्यासपीठावरच ‘भगिनी शहर’ जाहीर करून टाकणे हा प्रकार अधिकाऱ्यांना नंतर निस्तरावा लागतो. विदेशी वक्त्यांचा परिसंवाद ठेवला तर तो आंतरराष्ट्रीय परिषद या सदरात जाऊ शकतो, आणि मग वक्त्यांसाठी परिषदेचा व्हिसा व मंत्रालयांच्या मंजुऱ्या यांचा वेगळा प्रवास सुरू होतो. पहिल्या वर्षी परिसंवाद नको, अभिवादन सभा आणि प्रदर्शन पुरे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. परदेशी पाहुणे कोणाच्या घरी उतरणार असतील, तर त्यांची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करण्याची जबाबदारी यजमानाची असते, हे त्या घरमालकाला आधीच सांगून ठेवावे.

पैसा

जिल्हा पातळीवर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती हा मार्ग आहे, पण पुढील वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच आकार घेत असल्याने जानेवारीनंतर आलेली मागणी सहसा पुढच्या वर्षावर जाते. आमदार आणि खासदार यांच्या स्थानिक विकास निधीचे नाव सभेत पहिल्यांदा निघते. हा निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो; मंडप, हारतुरे आणि भोजन यांसाठी तो मिळत नाही.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीसाठी अनुदानाचा एक भाग आहे. त्यात परिसंवाद, प्रदर्शने, महोत्सव आणि संशोधन यांसाठी सर्वसाधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते, आणि खर्चाचा काही वाटा संस्थेने स्वतः उचलावा अशी अपेक्षा असते. थोर व्यक्ती आणि महत्त्वाच्या ऐतिहासिक घटना यांच्या शताब्दीसाठी मंत्रालयाची वेगळी योजना आहे. परंतु तिचे स्वरूप राष्ट्रीय पातळीवरचे असल्याने गावच्या समितीने तिच्या नादी लागू नये. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, जिची स्थापना १९५० मध्ये झाली आणि जिची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत, तिच्याकडे रोख रक्कम मागण्यापेक्षा कलापथक किंवा पाहुण्या अभ्यासकाची भेट मागणे जास्त सयुक्तिक ठरते. परदेशातील महाराष्ट्र मंडळांसाठी आणखी एक वाट आहे : भारत आणि संबंधित देश यांच्या मैत्री-संस्थांना संस्कृती मंत्रालयाचे अनुदान तेथील भारतीय दूतावासामार्फत दिले जाते, म्हणून त्यांनी दिल्लीला न लिहिता आपल्या देशातील दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाशी बोलावे.

अंदाजपत्रक करताना प्रत्येक बाब मोजता येईल अशी लिहावी. ‘प्रदर्शन खर्च’ असे न लिहिता फलकांची संख्या, मापे, छपाईचा दर, भाषांतराचा खर्च, वाहतूक आणि विमा असे वेगळे दाखवावे आणि किमान तीन दरपत्रके जोडावीत. शासनाच्या पैशातून होणारा खर्च आणि वर्गणीतून होणारा खर्च दोन रकान्यांत दाखवला तर लेखाधिकाऱ्याचा अर्धा आक्षेप तिथेच संपतो. भोजन आणि भेटवस्तू नेहमी वर्गणीच्या रकान्यात टाकाव्यात.

परदेशातून येणारा पैसा

इथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी. सोहळा दोन देशांचा असल्याने समोरच्या देशाच्या दूतावासाने किंवा तेथील एखाद्या संस्थेने आपण होऊन मदत देऊ केली, तर ती स्वीकारण्यापूर्वी परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० समोर ठेवावा. परदेशी सरकार हे या कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोतच आहे, आणि केवळ रोख पैसाच नव्हे, तर वस्तुरूप देणगीसुद्धा योगदानात मोडू शकते. या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला असे योगदान घेता येत नाही. नोंदणीसाठी किमान तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर केलेला किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. जिला हे शक्य नाही तिने ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी मागावी. दोन्ही प्रकारांत पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच आला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीला वळवता येत नाही, त्यामुळे ‘त्यांच्या नोंदणीवर आपण पैसे घेऊ’ हा तोडगा आता बंद झाला आहे.

अनिवासी मराठी माणसांच्या वर्गणीबाबत नेहमी गोंधळ होतो. भारतीय पारपत्र (पासपोर्ट) असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची ठरते, मग तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असो वा नसो. पावतीपुस्तकात नागरिकत्वाचा रकाना ठेवावा आणि पारपत्राची प्रत मागण्यात संकोच करू नये. समोरच्या देशाने आमदारांना किंवा शासकीय अधिकाऱ्यांना आपल्या खर्चाने तिकडे बोलावले, तर त्या आतिथ्यासाठीही केंद्राची पूर्वपरवानगी लागते.

ध्वज, नकाशा आणि फलकावरचा मजकूर

भारतीय ध्वजसंहितेनुसार आपला राष्ट्रध्वज इतर देशांच्या ध्वजांबरोबर एका रांगेत लावताना तो अगदी उजव्या टोकाला हवा. उजवे म्हणजे कोणाचे, यावर मंडपात हमखास वाद होतो. रांगेच्या मध्यभागी प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहावे. त्या माणसाचा उजवा हात ज्या बाजूला, ते उजवे टोक. त्यापुढे इतर ध्वज देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लागतात, म्हणजे इटली, जपान, पोलंड असा क्रम येईल. सर्व ध्वजदंड सारख्या उंचीचे असावेत, कारण शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावणे आंतरराष्ट्रीय प्रथेला मान्य नाही. अनावरणासाठी स्तंभ किंवा कोनशिला राष्ट्रध्वजाने झाकायची नसते. साधे कापड वापरून ध्वज वेगळा उभारावा. निमंत्रणपत्रिकेवर भारताची राजमुद्रा (अशोकस्तंभाचे चिन्ह) छापू नये, तिचा वापर २००५ च्या कायद्याने मर्यादित केलेला आहे.

समोरच्या देशातून तयार फलक आले असतील तर त्यांवरचा भारताचा नकाशा सर्वांत आधी तपासावा. सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि जम्मू-काश्मीर किंवा अरुणाचलभोवतीची एक तुटक रेघ सगळे प्रदर्शन गुंडाळायला लावू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन तोच छापावा.

मजकूर लिहिणे हे या साऱ्यात सर्वांत अवघड काम आहे. वळिवड्याच्या फलकावर पोलिश लोक ‘युद्धामुळे’ आले असे नुसते लिहिले, तर ते खोटे नसले तरी अपुरे ठरते, कारण त्यांना घराबाहेर काढले ते एका सरकारने. दुसरीकडे त्या सरकारविषयी विशेषणे लावली, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या टेबलावर तो मजकूर तिसऱ्या देशावरची टीका म्हणून वाचला जाईल आणि फाइल थांबेल. तारखा, ठिकाणे आणि क्रियापदे अचूक ठेवून विशेषणे काढून टाकावीत : ‘१९४० पासून सोव्हिएत प्रशासनाने हद्दपार केलेले’ इतके पुरते. मराठी, इंग्रजी आणि समोरच्या देशाची भाषा अशा तिन्ही मजकुरांवर दोन्ही बाजूंची लेखी संमती घेतल्याशिवाय दगड कोरायला देऊ नये. मान्यवरांची नावे मजकुरापेक्षा लहान अक्षरांत असावीत, असे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. नंतर ठरवणे शक्य होत नाही.

कायमस्वरूपी स्तंभ किंवा पुतळा उभारायचा असेल तर १८ जानेवारी २०१३ रोजीचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लक्षात ठेवावा. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देण्यापासून त्याने राज्यांना रोखले आहे, म्हणून चौकाचा हट्ट सोडून शाळेचे आवार, उद्यानाचा स्वतंत्र कोपरा किंवा वाचनालयाचे अंगण पाहावे आणि अशा जागेसाठीही रीतसर मंजुरी घ्यावी. पन्हाळ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ज्यांना बांधकाम झेपणार नाही त्यांनी राज्याच्या टपाल परिमंडळाकडे विशेष आवरण आणि विशेष शिक्क्यासाठी शुल्क भरून अर्ज करावा. खर्च आवाक्यातला असतो आणि तो लिफाफा दोन्ही देशांतल्या संग्रहांत राहतो.

सोहळा झाल्यावर

अनुदान घेतले असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, हे शेवटचे आणि अटळ काम. केंद्राच्या पैशासाठी ते सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नमुना १२-अ मध्ये, सनदी लेखापालाच्या स्वाक्षरीने द्यायचे असते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते न दिल्यास संस्थेची पुढची मागणी विचारात घेतली जात नाही. त्यासोबत छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे आणि मूळ बिलांच्या साक्षांकित प्रती पाठवाव्यात. न वापरलेली रक्कम परत करावी आणि तिच्या भरण्याची पावती जपून ठेवावी.

स्तंभाची देखभाल कोणाकडे, हेही त्याच महिन्यात लेखी ठरवावे. ग्रामपंचायतीने वार्षिक अंदाजपत्रकात झाडलोट, रंगकाम आणि दिव्यासाठी छोटी तरतूद करावी, ती करण्याचा ठराव पुढच्याच ग्रामसभेत घ्यावा, आणि त्या ठरावाची प्रत संबंधित वाणिज्य दूतावासाला पाठवावी. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाला तीच प्रत जोडता येते.